येल्शेवोच्या शाळेचे पाच साक्षीदार

८ फेब्रुवारी

या नोंदींतून मला एकच विधान सिद्ध करायचे आहे आणि ते आरंभीच मांडून ठेवणे बरे: येल्शेवोची शाळा ठेवायची की पाडायची, हा प्रश्न पुराव्याने सुटला पाहिजे, मायेने नव्हे. गावाचे मत याच्या उलट आहे. परंतु बहुमत म्हणजे प्रमाण नव्हे.

वस्तुस्थिती अशी. डिसेंबरच्या भूकंपात शाळेची उत्तरेकडची भिंत तडकली, धुराडे कलले, कौले घसरली. दारावर पिवळा कागद चिकटवलेला आहे. हिरवा कागद म्हणजे वापरा, लाल म्हणजे पाडा, आणि पिवळा म्हणजे अजून काहीच ठरलेले नाही. नऊ मुले सध्या अंगणात ठेवलेल्या पत्र्याच्या खोलीत शिकत आहेत. भिंत वसंतापर्यंत जागची हलली नाही, तर तिच्यात आरपार पोलादी गज ओवून इमारत आवळून घेता येईल. ती हलत असेल, तर लाल कागद लागेल. नऊ मुलांसाठी नवी शाळा कोणी बांधणार नाही. ती बसने शहरात जातील आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचे आईबापही तिकडेच राहायला जातील. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. शेजारच्या दोन गावांचे असेच झाले.

भिंत हलते की नाही हे कळावे, म्हणून इंजिनिअर मिर्ना हाबेक हिने आज तड्यांवर आडव्या अशा जिप्समच्या पाच पातळ पट्ट्या थापल्या. तीन बाहेरून, दोन आतून. जिप्सम ठिसूळ असते. भिंत केसभर सरकली तरी पट्टी तडकते. मिर्ना त्यांना ‘साक्षीदार’ म्हणते. ती शहराच्या माध्यमिक शाळेत माझ्या हाताखाली तर्कशास्त्र शिकलेली आहे, तेव्हा हा शब्द तिने कोठून घेतला याविषयी मला शंका नाही. तिने मला एक पांढरे हेल्मेट आणि शाळेची किल्ली दिली.

“सर, रोज सकाळी आत जायचं, दोन मिनिटांत बाहेर यायचं. धुराड्याखाली थांबायचं नाही. आणि फक्त बघायचं. निष्कर्ष मी काढीन.”

चाळीस वर्षे अनुमान शिकवलेल्या माणसाला हे सांगणे कितपत योग्य, हा मुद्दा मी सोडून दिला. धुराडे उतरवायला गिर्यारोहकांची एक तुकडी येणार आहे, पण जिल्ह्यात कललेली धुराडी फार आणि दोरावर लोंबकळणारी माणसे थोडी. तोवर दुसऱ्या कोणी आत पाऊल ठेवू नये, ही जबाबदारी माझी.

११ फेब्रुवारी

पाचही साक्षीदार अभंग. आत बाहेरच्यापेक्षा बरीच ऊब आहे. जुन्या जाड भिंतींचा हा गुण.

परतताना श्तेफा भेटली. श्तेफा माताशिन ही शाळेची स्वयंपाकीण. सध्या पत्र्याच्या खोलीच्या कोपऱ्यात मुलांसाठी घेवड्याचे सूप शिजवते. ती याच शाळेत माझ्यामागे दोन बाके सोडून बसत असे आणि तेव्हापासून माझ्या पाठीमागे बोलण्याची तिची सवय गेलेली नाही. दोघांचेही जोडीदार आता नाहीत. ती सकाळी माझ्याकडे न्याहारी आणून देते, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या कोंबड्यांना अंडी किती घालावीत याचा पोच नाही.

तिने हेल्मेटाकडे पाहिले. “हे घालून माझ्या अंगणावरून जाऊ नकोस, तादिया. कोंबड्यांना वाटतं, आपल्यापेक्षा मोठं अंडं कुणीतरी घातलंय. हिरमुसतात बिचाऱ्या.”

मग तिने माझी बिस्किटे शाबूत आहेत का, असे विचारले. साक्षीदारांना ती बिस्किटे म्हणते.

१५ फेब्रुवारी

रात्रभर हिमवर्षाव झाला. माझे घर लाकडी असल्याने भूकंपात ते वाकले आणि पुन्हा सरळ झाले. त्याच्या खिडकीतून आलुबुखाराच्या बागेपलीकडे शाळेचे छप्पर दिसते, अर्थात नदीचे धुके उठल्यावर, म्हणजे दिवस बराच वर आल्यावर. आज असे दिसले की छपरावर सर्वत्र बर्फ आहे, धुराड्याभोवती मात्र काळी कौले उघडी पडली आहेत. गडद रंग उष्णता शोषतो, त्याचा हा परिणाम. सुतार इव्शाचे मांजर नेमके तिथेच अंग पसरून झोपले होते. मांजराची निवड हा पुरावा नव्हे.

२० फेब्रुवारी

पत्र्याच्या खोलीत गावाची बैठक झाली. मोठी माणसे मुलांच्या बाकांत गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मी परिस्थिती समजावून सांगितली. इव्शाचे म्हणणे असे पडले की ज्या भिंतीने दोन लढाया पाहिल्या तिला पाच बिस्किटांनी काय सांगावे. मी उत्तर दिले की भिंत लढाया पाहत नाही.

मग श्तेफा उठली. “मी शिकलेली नाही, पण एक सांगते. ज्या घरातून धूर निघत नाही ते घर मरतं. भूकंपानं नाही मरत, एकटेपणानं मरतं. तुम्ही तिला कुलूप घालून बसलात आणि वर विचारताय, बाई गं, बरी आहेस ना?”

लोकांनी माना डोलावल्या. मला बोलणे भाग होते. जे जिवंत असते तेच मरते. घर जिवंत नसते. म्हणून घर मरू शकत नाही. यात एकही दुवा कच्चा नाही. इव्शा हसला, मग सगळेच हसले. श्तेफाने हात अॅप्रनमध्ये गुंडाळले आणि ती खाली बसली.

“अति शहाणा, त्याचा बैल रिकामा,” एवढेच ती म्हणाली.

२३ फेब्रुवारी

साक्षीदार अभंग. बैठकीपासून न्याहारी आलेली नाही. अंडे किती वेळ उकळावे याविषयी माझी माहिती अपुरी ठरली. श्तेफाच्या कोंबड्यांनी एकाएकी पोच शिकला असावा.

२७ फेब्रुवारी

मला पडसे झाले आहे. सकाळी धुक्यातच दार वाजले. श्तेफा कोंबडीचे सूप घेऊन उभी होती. बैठकीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. तिने आधी माझी शेगडी पेटवली. तिच्या बाहीला आधीपासूनच राख लागलेली होती, म्हणजे माझ्याकडे येण्यापूर्वी तिने स्वतःच्या घरची पेटवली असणार. ती आली मात्र बागेच्या बाजूने, आणि तिचे घर विरुद्ध दिशेला आहे. तिच्या वाटेवर फार चिखल झाला असेल.

सूप पिऊन होईपर्यंत ती बसून राहिली. मी तिला सांगितले की सूप प्यायला साक्षीदार लागत नाही. ती म्हणाली, “लागतो. तू अर्धं ओतून देतोस.” तिला हे कसे कळले, कोण जाणे.

३ मार्च

चौथा साक्षीदार तडकला.

चौथा म्हणजे आतला, मोठ्या वर्गात खोली उबवायला विटांनी बांधलेल्या भट्टीशेजारी लावलेला. रेघ केसाएवढी आहे, पण ती पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. बाकीचे चार अभंग आहेत. मी तिथे दोन मिनिटांहून अधिक थांबलो, ही सूचनाभंगाची नोंद.

मिर्नाला फोन केला. ती दुसऱ्या एका गावात कोसळलेल्या चर्चच्या कामावर होती.

“फक्त चौथाच? आणि बाहेरचे तिन्ही ठीक?” तिने विचारले. “सर, आत कुणी जातं का?”

मी तिला आठवण करून दिली की किल्ली माझ्याकडे आहे.

तिला दहा तारखेनंतरच येता येणार होते. चौथ्याशेजारी एक नवी पट्टी थापा, फोटो पाठवा आणि वाट पाहा, असे तिने सांगितले. वाट पाहा हे तिने दोनदा सांगितले.

८ मार्च

नवी पट्टीही तडकली.

आता अनुमान टाळणे हा भित्रेपणा ठरेल. पट्टी तीनच कारणांनी तडकते: ती नीट लावली नसेल, कोणी तिला हात लावला असेल किंवा भिंत हलली असेल. मी ती मिर्नाने दाखवली तशीच लावली. इमारतीत माझ्याखेरीज कोणीही जात नाही. म्हणून भिंत हलते आहे. बाहेरचे साक्षीदार गप्प आहेत ही गोष्ट मला खटकते, पण एका साक्षीदाराचे मौन दुसऱ्याची साक्ष खोडून काढत नाही.

जिल्ह्याच्या समितीला पत्र लिहिले. शाळा पाडण्याची शिफारस केली. पत्र तीनदा वाचले. तर्कात दोष आढळला नाही. तरीही ते पेटीत टाकायला जाताना मी शाळेच्या बाजूने न जाता वळसा घालून गेलो. त्या वाटेवर चिखल कमी आहे.

आज स्त्रियांना कार्नेशनचे फूल देण्याचा दिवस. शिष्टाचार म्हणून दरवर्षीप्रमाणे श्तेफाला एक दिले. तिने ते पाण्याच्या पेल्यात उभे केले आणि पेला मुलांच्या थाळ्यांमध्ये ठेवला. पत्राविषयी मी तिला सांगितले नाही. फुलाच्या प्रसंगी ते अप्रस्तुत झाले असते.

११ मार्च

संध्याकाळी इव्शाला पत्राविषयी सांगितले, कारण भिंतीला टेकू लावायचे लाकूड तो घेऊन आला होता आणि ते आता व्यर्थ होते. त्याने टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. तो नेहमी थट्टा करतो. आज केली नाही. मग म्हणाला, “श्तेफाला तुम्हीच सांगा, प्रोफेसर. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

मी उद्या सांगण्याचे कबूल केले. पण त्याचा चेहराच बोलका आहे. तिला आजच कळेल.

१२ मार्च

जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण अजून माझे मन क्रम सोडून पळते आहे.

उजाडत होते. दाट धुके. दार वाजले नाही, बडवले गेले. श्तेफा उभी होती. हातात काही नव्हते. आत ये म्हटले, तर आली नाही, उंबऱ्यावरच बोलली.

“पाडा म्हणून लिहिलंस?”

मी पुरावा सांगू लागलो.

“पुरावा राहू दे. याच शाळेत तू ‘अ’ काढायला शिकलास. उलटा काढायचास. बाईंनी तुझा हात धरून गिरवून घेतला, मी मागून बघत होते.”

मी म्हणालो की त्यामुळे भिंत सरळ होत नाही, आणि मुले आत असताना ती कोसळली तर कोणाचा हात धरायचा. ती काही बोलणार होती. तेवढ्यात आधी कुत्री ओरडली, मग जमिनीखालून गाडा गेल्यासारखा आवाज आला. घर करकरले, वाकले, सरळ झाले. कपाटातल्या बशा वाजल्या. मी तिचा दंड धरला होता. दारात उभ्या असलेल्या माणसाला आधार देणे हे शहाणपणाचे असते. हादरे थांबले. आणि मग बागेपलीकडून, धुक्यातून, विटांची गाडी रिती करावी तसा आवाज आला.

आम्ही दोघे गेलो. कुंपणाबाहेरच थांबलो; तिला मी पुढे जाऊ दिले नाही. जिथे धुराडे असायला हवे तिथे नुसते धुके होते आणि छपराला भट्टीच्या बरोबर वर भोक पडले होते. भिंत उभी होती.

श्तेफा लाकडे फोडायच्या ओंडक्यावर बसली.

“तादिया,” ती म्हणाली, “मी आत्ता तिथं असते.”

मला अर्थ लागला नाही. तसे मी म्हणालो.

“रोज असते या वेळी. भट्टी पेटवते. थोडी ऊब धरली की तुझ्याकडे येते. आज नाही गेले. म्हटलं, आधी त्याच्याशी भांडते, मग पेटवते.”

मी म्हणालो, हे अशक्य आहे, किल्ली माझ्याकडे आहे. तिने अॅप्रनच्या खिशातून किल्ली काढून मांडीवर ठेवली. माझ्या किल्लीपेक्षा जुनी, दांडा झिजून चकचकीत झालेला.

“आईची आहे. ती झाडायची ना शाळा.”

हे अत्यंत बेजबाबदार वर्तन आहे, असे मी तिला सुनावले. बरेच काही सुनावले. काय ते नीट आठवत नाही. मग तिला घरी आणून कॉफी केली. कॉफी बशीत सांडली, कारण जमीन अजून हलत होती. श्तेफा म्हणते, हलत नव्हती.

ती गेल्यावर मी या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. आतली ऊब. बर्फातून उघडी पडलेली कौले. मांजर. राख. बागेकडून येणारी वाट. भट्टी रोज तापली आणि रोज निवली. तिच्यामागची भिंत दररोज थोडी फुगली आणि आकसली. तिच्यालगतची पट्टी तडकली, बाकीच्या तडकल्या नाहीत. धुरावरून अग्नीचे अनुमान मी चाळीस वर्षे पहिल्याच तासाला शिकवत आलो. येथे तर अग्नी धूर सोडून बाकी सर्व रूपांत माझ्यासमोर होता.

आणखी एक गोष्ट नोंदवणे प्राप्त आहे. माझे अनुमान चुकीचे होते. त्या चुकीच्या अनुमानामुळे ती भांडायला आली, आणि भांडायला आली म्हणून ती आहे. खोट्या विधानातून खरा निष्कर्ष निघू शकतो हे मला माहीत होते. तो असा दारात उभा राहू शकतो, हे माहीत नव्हते.

१३ मार्च

मिर्ना सकाळीच आली. भिंत बाहेरून पाहिली, बाहेरचे तीन साक्षीदार पाहिले. कालच्या धक्क्यानंतरही तिन्ही अभंग. म्हणाली, इतक्या हादऱ्यातून जी भिंत हलली नाही ती आवळण्याजोगी आहे. मग पत्र्याच्या खोलीत येऊन तिने सगळ्यांना मुलांच्या बाकांवर बसवले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोपे गेले असते.

“मावशी, तुमच्या डोक्यावर टनभर विटा होत्या. रोज. कलंडलेल्या. तुम्ही शाळेला जपत होतात, मान्य. पण तुम्ही गेला असतात, तर या पोरांना त्या इमारतीत पुन्हा कुणी पाठवलं असतं का?”

श्तेफाने मान खाली घातली. ती गप्प बसल्याचे मी प्रथमच पाहिले आणि ते मला आवडले नाही. मी बोलण्यासाठी हात वर केला. वर्गात बसल्यामुळे असेल. मिर्नाने माझ्याकडे वळून विचारले, “आणि सर, किल्ली एकच आहे, हे कशावरून?”

तेवढ्यात इव्शाने खाकरून खिशात हात घातला आणि एक किल्ली बाकावर ठेवली. त्याचे वडील शाळेचे सरपण आणत. मागच्या बाकावरून आणखी एक आली; ती कोणाच्या आजीने रविवारच्या गायनासाठी करून घेतली होती. मग आणखी एक. शेवटी श्तेफाने आईची ठेवली. जो तो दुसऱ्याची किल्ली पाहून चकित होत होता.

“याला माझ्या भाषेत बंद इमारत म्हणत नाहीत,” मिर्ना म्हणाली. मग मात्र तिला हसू आवरले नाही, आणि खोलीतले सगळेच सुटले.

नवे कुलूप लागले. त्याची किल्ली मिर्नाकडे. तोवर भिंत गारठेल, असे श्तेफा पुटपुटली. “भिंतीला थंडी चालते, मावशी. तुम्हाला विटा चालत नाहीत,” असे उत्तर मिळाले.

समितीला दुसरे पत्र लिहून पहिले मागे घेतले. या पत्रासाठी शाळेवरूनच गेलो.

२ एप्रिल

गिर्यारोहकांनी धुराड्याचा उरलेला बुंधा उतरवला. इव्शाने भिंतीला टेकू दिले, छपराखालचा तिचा जड, त्रिकोणी विटांचा भाग काढून तिथे हलक्या फळ्या ठोकल्या. विझलेल्या भट्टीजवळ लावलेला नवा साक्षीदार तीन आठवडे अभंग आहे. मी फक्त पाहिले. निष्कर्ष मिर्नाने काढला.

न्याहारी नियमित येते. कोंबड्यांचा पोच पुन्हा गेलेला दिसतो.

२४ एप्रिल

काल पोलादी गज आवळले गेले. भिंतीवर बाहेरून त्यांच्या जाड चकत्या दिसतात. मुलांना त्या इमारतीच्या कोटाची बटणे वाटतात. आज तपासणी झाली आणि पिवळ्या कागदाच्या जागी हिरवा लागला.

इव्शाने रिवाजाप्रमाणे छपराच्या आढ्यावर हिरवी फांदी ठोकली आणि बायकांनी कारागिरांसाठी आणलेले शर्ट तिच्याखाली दोरीवर टांगले. प्रत्येक कारागिराला एक. शर्ट सहा आणि कारागीर पाच. सहावा खाली उतरवून इव्शाने माझ्या हातात दिला. मी म्हणालो, मी कारागीर नाही, मोजणीत चूक झाली आहे. तो म्हणाला, चूक कुणाची ते इस्त्री करणारीला विचारा, आणि डोळे मिचकावून निघून गेला. श्तेफा मुलांना वाढत होती. तिला या वेळी विचारणे बरे दिसले नसते. शर्ट घालून पाहिला. योगायोगाने बाह्या अगदी बरोबर आहेत. माझी डावी बाही नेहमी लांब पडते, तीसुद्धा.

नंतर पत्र्याचे हलके नवे धुराडे जोडलेल्या भट्टीत पहिला जाळ श्तेफाने घातला. मिर्ना शेजारी उभी होती. सर्वांनी बाहेर येऊन धूर पाहिला. मीही पाहिला.

या नोंदींच्या आरंभी केलेले विधान मी मागे घेत नाही. प्रश्न पुराव्यानेच सुटला. परंतु ८ मार्चच्या नोंदीत ‘इमारतीत माझ्याखेरीज कोणीही जात नाही’ असे मी पडताळून न पाहता लिहिले. पट्टी तडकण्याची कारणे मोजताना माया ही पुराव्याबाहेरची गोष्ट म्हणून मी तिला गाळले. आणि त्या भिंतीपाशी दररोज पहाटे तीच काम करीत होती. ही चूक माझी. एवढीच.

तादिया ब्रलेक